पाण्याखालची गावं

महाबळेश्वरहून 25-30 किलोमीटरचा घाट उतरलं की तापोळा लागतं. कोयना धरणाचं पाणी, म्हणजेच शिवसागर जलाशय, इथे डोंगरांच्या कुशीत शिरलंय. त्यामुळे तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीच्या सोंडा जागोजागी दिसतात. अशाच एका सोंडेवर सुट्टीचे दोन दिवस सहकुटुंब काढावेत.

सकाळी लाइफ जॅकेट घालून बोटीत बसावं. पायांत बळ असेल त्यांनी बामणोलीहून लाँचने पैलतीर गाठावा आणि वनखात्याची परवानगी घेऊन वासोटा चढावा. पावसाळ्यात मात्र तो नाद नको. थोरांनी झाडाखाली भाकरी-ठेचा सोडावा; पोरांनी चपटे दगड पाण्यावरून उड्या मारत जातील असे फेकावेत.

असाच दगड फेकता फेकता माझ्या नातीने विचारलं, ‘‘नाना, याच्या खाली काय आहे?’’

मी म्हणालो, ‘‘गावं आहेत, बेटा.’’

1960च्या दशकात हे पाणी चढलं, तेव्हा शेतं, अंगणं, विहिरी बुडाल्या. माणसं ठाणे, सांगली, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत पांगली. त्या पाण्यावर महाराष्ट्रात दिवे लागले. पण हक्काच्या जमिनीसाठी विस्थापितांच्या पुढच्या पिढ्यांनाही आंदोलनं करावी लागली.

म्हणून एवढंच सांगणं : बोटीत बसलात की नावाड्याला त्याच्या घरच्यांचं जुनं गाव कुठे होतं ते विचारा. तो हाताने पाण्याकडे दाखवील. मुलांना ते बघू द्या. सुट्टीची मजा त्याने उणी होत नाही.