खाड्यानंतरचा दिवस

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभागृहात सुरू झालेल्या कराटे वर्गातील नवशिके विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नव्हे. उभे आयुष्य कापड मोजण्यात आणि तागे गुंडाळण्यात गेले. बी.कॉम. झालो असल्याने हिशेब तेवढा जमतो, म्हणून हिशेबापासूनच आरंभ करतो. जून महिन्यात या वर्गात ३४ नावे नोंदली गेली. काल सकाळच्या हजेरीस ११ जण होते, आणि त्या अकरांत एक मी. उरलेल्या २३ जणांपैकी काही आज आईवडिलांसोबत मागच्या खुर्च्यांवर बसलेले मला दिसत आहेत. त्यांनी कृपया मान खाली घालू नये. मीही एके काळी त्याच खुर्चीवर बसलो होतो.

१९७९ साली मी महाविद्यालयात होतो. ब्रूस लीच्या चित्रपटांनी त्या काळी तरुणांना वेड लावले होते. आमच्या गावातही एक कराटे वर्ग निघाला आणि मी मोठ्या उत्साहाने नाव घातले. सात आठवडे गेलो. मग दिवाळीच्या गर्दीत दुकानामुळे तीन दिवस खाडा पडला. चौथ्या दिवशी सायकल घेऊन वर्गाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. आतून "इचि, नि, सान" अशी मोजणी ऐकू येत होती. आत गेल्यावर शिक्षक काय म्हणतील, बरोबरीची मुले किती पुढे गेली असतील, या विचाराने पाय उचलेना. मी सायकल वळविली. घरी सांगितले, दुकानामुळे जमत नाही. वडिलांनी मला "वर्ग सोड" असे कधीही म्हटले नव्हते. दिवाळीनंतर दुकानात गिऱ्हाईकही फारसे नव्हते. ही गोष्ट इतकी वर्षे मी कोणाजवळ बोललो नाही. आज या व्यासपीठावरून बोलतो आहे.

पुढे व्यापारात पडल्यावर मला त्या दिवसाचा उलगडा झाला. ज्या गिऱ्हाइकाची उधारी थकते, तो आपल्या दुकानावरून जाणे टाळतो. रक्कम दोनशेची असली तरी वळसा घालून दुसऱ्या गल्लीने जातो. पैसे नसतात म्हणून नव्हे, तोंड दाखवण्याची लाज वाटते म्हणून. अशाने दोनशे रुपयांसाठी वीस वर्षांचे गिऱ्हाईक तुटते. माझे वडील अशा माणसास रस्त्यात गाठून स्वतःच नमस्कार करीत, घरची खुशाली विचारीत आणि उधारीचा शब्दही काढीत नसत. आठ दिवसांत तो माणूस दुकानाची पायरी चढे.

कराटेतही असेच घडते, असे माझे मत झाले आहे. मांड्या भरून येतात म्हणून मुले वर्ग सोडतात, असे पालक म्हणतात. मला ते पटत नाही. दुखणे चार दिवसांत ओसरते. आधी कंटाळा येतो, कंटाळ्याच्या दिवसांत लग्नकार्य निघते किंवा सर्दी होते, खाडा पडतो, आणि मग खाड्याची लाज उंबरठ्यावर येऊन उभी राहते. वर्ग सुटतो तो तेथे.

कंटाळ्याविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण तो खोटा नाही. एक पाऊल पुढे टाकून त्याच बाजूच्या हाताने ठोसा मारायचा, यास ओई-झुकी म्हणतात. हाच ठोसा महिनोन् महिने मारावा लागतो. मुलांचे सारे लक्ष पुढे जाणाऱ्या मुठीकडे असते. शिक्षक ओरडतात ते मागे येणाऱ्या हाताबद्दल. एक हात पुढे जात असता दुसरी मूठ त्याच क्षणी कमरेशी ओढली गेली पाहिजे, मागची टाच जमिनीवरून सुटता कामा नये आणि खांदा वर चढता कामा नये. एवढे सगळे एकाच वेळी जमायला दिवस लागतात. आमच्या दुकानात नवा मुलगा लागला की आम्ही त्यास पहिले काही महिने केवळ तागे उलगडायला आणि गुंडाळायला लावतो. त्यालाही ते रटाळ वाटते. पण त्यातूनच इचलकरंजीचे पॉपलिन आणि मालेगावचे कापड बोटांना अंधारातही ओळखू येऊ लागते.

ज्यांनी कराटे जपानच्या मुख्य भूमीत रुजविले, त्या गिचिन फुनाकोशी यांचे उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे. १८६८ साली ओकिनावा बेटावरील शुरी येथे त्यांचा जन्म झाला. बालपणी प्रकृती नाजूक. पुढे ते शाळामास्तर झाले. दिवसा शाळा आणि रात्री आपले गुरू आसातो यांच्या अंगणात सराव. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. ती एकच काता रात्रीमागून रात्री करावी लागे आणि गुरूंचे समाधान होईपर्यंत पुढची मिळत नसे. अशा तीन कातांमध्ये आपली दहा वर्षे गेली, असे त्यांनी आठवणींत सांगितले आहे. लक्षात घ्यावे, तेव्हा कराटेत रंगीत पट्टेच नव्हते. श्रेणीची पद्धत ज्युदोकडून घेतली गेली आणि फुनाकोशींनी पहिल्या दान पदव्या दिल्या त्या १९२४ साली. म्हणजे त्या दहा वर्षांत कमरेला पिवळा पट्टा येण्याची आशासुद्धा नव्हती. १९२२ साली ते टोकियोस गेले तेव्हा वय ५३ होते. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहून झाडलोट, पहारा आणि बागकाम करीत त्यांनी शिकविणे सुरू केले. आमच्या वयाच्या मंडळींनी, जी "आता आमचे काय" म्हणून बाकावर बसून राहतात, हे विशेष ध्यानात घ्यावे.

काही ज्येष्ठांनी मला विचारले की अहिंसेच्या घरात ही मारामारी कशाला? प्रश्न रास्त आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा श्रावकास सर्वथा वर्ज्य. स्वतःच्या व आश्रितांच्या रक्षणाचा विचार शास्त्राने वेगळा केला आहे. कराटेतही पहिला वार आपला नसावा, हे फुनाकोशींच्या वीस सूत्रांतील एक सूत्र आहे. आपली मुले जी पहिली काता शिकत आहेत, तिचे नाव हेइआन शोदान. हेइआन म्हणजे शांती. तिच्या २१ हालचालींतील पहिली हालचाल ठोशाची नव्हे, अडविण्याची आहे.

आपल्या घरांतील एक अडचण मात्र खरी होती. आरंभी वर्ग सायंकाळी सहाला भरे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून मुले भरल्या पोटी येत आणि खोल पवित्र्यात उभे राहताच त्यांना मळमळे. ऑगस्टपासून वर्ग सकाळी सहाला घेतला, ही विश्वस्तांची मोठी कृपा. हा बदल दोन महिने आधी झाला असता तर पाच-सहा नावे गळाली नसती, हेही नमूद करतो.

माझी दहा वर्षांची नात याच वर्गात आहे. सप्टेंबरात तिला ताप आला, आठ दिवस खाडा झाला. नवव्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा, आता सगळे माझ्यापुढे गेले असतील. मला नाही जायचे." मला १९७९ चा तो कोपरा आठवला. उपदेश केला नाही. एवढेच म्हणालो की बाळ, माझे गुडघे कुरकुरतात, शिक्षकांनी मला उड्या वर्ज्य केल्या आहेत, सगळे माझ्या कधीचेच पुढे गेले आहेत. तू आलीस तर मागच्या रांगेत मला सोबत होईल. ती आली. काता अर्ध्यावर विसरली आणि माझ्याकडे पाहू लागली. मीही विसरलो होतो. दोघेही चुकीच्या दिशेला वळलो. शिक्षक हसले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

आपण प्रतिक्रमण करतो. त्या शब्दाचा अर्थच मुळी परत फिरणे असा आहे. चूक झालीच नाही असे त्यात कोणी म्हणत नाही.

पालकांना एक विनंती. मूल परत जायला निघाले की "इतके दिवस कुठे होतास" हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. "फी भरली आहे" हेही नको. फी किती भरली हे मुलास ठाऊक असते. शिक्षकांशी माझे बोलणे झाले आहे. परत येणाऱ्यास ते कारण विचारणार नाहीत. विद्यार्थ्यांनीही काळ्या पट्ट्यापर्यंतची प्रतिज्ञा आज करू नये. आपण चातुर्मासात जसा मर्यादित काळाचा नियम घेतो, तसा येत्या तीस दिवसांचा नियम घ्यावा. त्यात खाडा पडला तर दुसऱ्याच दिवशी यावे, काही येत नसले तरी यावे, उशीर झाला तरी यावे.

सभागृहाची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. सोमवारी पावणेसहाला दार उघडलेले असेल. मागच्या रांगेत माझ्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा आहे. येताना घरून गाळलेले पाणी घेऊन यावे, येथील माठ अद्याप बसविलेला नाही.

जय जिनेंद्र.