एल कॅपिटनच्या भिंतीवर



सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या आपणा मंडळींना कडा म्हटले की काळ्या कातळाची, लाव्हारसाच्या थरांवर थर रचून झालेली आणि मधूनमधून गवताच्या पट्ट्या मिरविणारी भिंत आठवते. आज ज्या कड्याविषयी बोलावयाचे आहे तो निराळ्या जातीचा. कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या खोऱ्यात एल कॅपिटन नावाचा ग्रॅनाइटचा एक प्रचंड सुळका उभा आहे. हा पाषाण सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भात थिजला. वरचे ओझे झिजून तो उघडा पडला आणि हिमनद्यांनी त्याचे अंग तासून काढले. त्यात थर नाहीत, की पायऱ्या नाहीत. भेगाही विरळ, आणि म्हणूनच तो ढासळला नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत उंची सुमारे ३००० फूट.

या खोऱ्यातील मूळ रहिवाशांची एक कथा आहे. अस्वलाची दोन पिल्ले एका खडकावर निजली आणि ती झोपेत असतानाच खडक आकाशापर्यंत वाढला. त्यांना खाली आणण्यासाठी उंदरापासून सिंहापर्यंत साऱ्यांनी उड्या मारल्या, पण कोणाचीच उडी पोहोचली नाही. अखेर एक उंटअळी अंग आकसत आणि पसरीत वर जाऊन पोहोचली. त्या अळीचेच नाव खडकाला पडले: तुतोकनुला. गोऱ्यांच्या पलटणीने १८५१ साली खोऱ्यात शिरून त्याला एल कॅपिटन हे स्पॅनिश नाव दिले. परंतु मला जुनेच नाव अधिक अन्वर्थक वाटते.

कड्याच्या दोन बाजू जेथे मिळतात तेथे नाकाच्या दांडीसारखी एक धार पुढे आली आहे. तिलाच 'नोज' म्हणतात. १९५७ च्या जुलैमध्ये वॉरन हार्डिंग या गृहस्थाने तिला हात घातला. अमेरिकेच्या एका अध्यक्षाचा हा नामबंधू; व्यवसायाने रस्त्यांची मोजणी करणारा. जवळच्या हाफ डोमची भिंत रॉयल रॉबिन्स आणि त्याचे दोन सोबती नुकतेच चढून गेले होते, आणि तो मान हुकल्याची खंत हार्डिंगच्या मनात होती. त्याची पद्धत किल्ल्याला वेढा घालणाऱ्या सेनापतीची. काही अंतर चढावयाचे, दोर बांधून ठेवावयाचे, खाली यावयाचे आणि पुन्हा सवडीने त्याच दोरावरून वर जावयाचे. भेग असेल तेथे पोलादी मेख ठोकायची. भेग नसेल तेथे हाताने भोक पाडून बोल्ट बसवावयाचा आणि त्याला लटकून पुढच्यासाठी भोक पाडावयाचे. एके ठिकाणी भेगा इतक्या रुंद निघाल्या की जवळची एकही मेख बसेना. तेव्हा कोणीतरी टाकून दिलेल्या जुन्या शेगडीचे लोखंडी पाय आणले गेले आणि तेच भेगांत ठोकले. त्या भेगांना आजही 'शेगडीचे पाय' याच अर्थाचे इंग्रजी नाव आहे!

रस्त्यावर बघ्यांची इतकी गर्दी होऊ लागली की उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी प्रवाशांच्या हंगामात चढण्यास मनाई केली. सोबती बदलले. सोळा महिने लोटले. अखेरच्या रात्री हार्डिंगने पुढे झुकलेल्या शेवटच्या भिंतीवर दिव्याच्या उजेडात एकामागून एक २८ बोल्ट बसविले आणि १२ नोव्हेंबर १९५८ च्या पहाटे तो माथ्यावर पोहोचला. त्याच्यासमवेत वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर होते. एकूण बोल्ट १२५.

ही चढाई खरी म्हणावी काय? आपल्याकडे साध्य-साधनांच्या शुद्धतेचा वाद राजकारणात पुष्कळ झाला. तोच वाद योसेमिटीच्या गिर्यारोहकांत रंगला. रॉबिन्सचे म्हणणे असे, की भोके पाडीत गेल्यास जगातील कोणतीही भिंत चढता येईल. मग अनिश्चितता उरली कोठे आणि पराक्रम उरला कोठे? १९६० साली तो तीन सोबत्यांसह वेढा न घालता सलग सात दिवसांत नोज चढून गेला. मला हार्डिंगचीही बाजू अगदीच लंगडी वाटत नाही. वाट आधी कोणीतरी पाडल्यावाचून दुसऱ्याला ती सुंदर रीतीने चालता येत नाही.

पुढे निराळेच संकट दिसू लागले. प्रत्येक तुकडी मेखा ठोकी आणि काढून नेई. त्या घावांनी भेगांच्या कडा फुटू लागल्या. इव्हॉन शुनार हा स्वतः मेखा घडविणारा लोहार, आणि मेखा हाच त्याच्या धंद्याचा मुख्य आधार. तरीही १९७२ साली त्याने आपल्याच मालाच्या सूचिपत्रकातून गिऱ्हाइकांना सांगितले, की मेखा सोडा आणि हाताने बसविता व काढता येतील असे धातूचे खडे भेगांत अडकवा. स्वतःच्या पेढीवर असा विस्तव ठेवणारा व्यापारी विरळाच.

येथून मुक्त आरोहणाची कल्पना बळावली. दोर असावा तो पडल्यास वाचविण्यापुरता. शरीराचा भार मात्र केवळ हातापायांनीच पेलावा. नोजवर एके ठिकाणी गुळगुळीत पट्टा येतो. तेथे गिर्यारोहक दोराच्या टोकाला लटकून, कड्यावरून धावत झोका घेतो आणि पलीकडची भेग पकडतो. दृश्य मोठे बहारीचे. परंतु ते मुक्त आरोहण नव्हे. १९८० च्या सुमारास रे जार्डिन नावाच्या कल्पक माणसाने ही अडचण सोडविली. भेगेत आपोआप फुलून घट्ट बसणाऱ्या उपकरणाचा जनकही हाच. भेगांना जराही इजा न करणारे ते साधन ज्याच्या डोक्यातून निघाले, त्यानेच हाती छिन्नी घेऊन त्या गुळगुळीत पट्ट्याशेजारी बोटे टेकण्यापुरत्या खाचा कोरल्या. त्यावर मोठा गहजब झाला.

१९९३ साली लिन हिल या पाच फुटांहून जेमतेम अधिक उंचीच्या स्त्रीने चार दिवसांत संपूर्ण नोज मुक्तपणे सर केली, आणि पुढच्याच वर्षी एका दिवसाच्या आत. तिच्या आधी हे कोणाही पुरुषाला साधले नव्हते. सर्वांत बिकट जागी, माथ्याजवळच्या एका कोनात, पाषाणाला जवळजवळ काहीच धरण्याजोगे नाही; तेथे तिने दोन्ही भिंतींवर पाठ, तळवे आणि पाय रेटून, वळत वळत स्वतःला वर नेले. तो कोन निसर्गाने जसा ठेवला होता तसाच होता. खालच्या गुळगुळीत पट्ट्यापाशी मात्र तीही जार्डिनने कोरलेल्या खाचांवरूनच गेली; त्या वाटेला आजही त्याचेच नाव आहे.