आभाळातल्या वाटा कोण सांभाळतं?

 

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही मिटली, तेवढ्यात डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. एका मावशींनी विचारलं, "आपल्या शिवाजी चौकात सिग्नल असून गाड्या एकमेकींना घासतात. वर तर रस्ता नाही, सिग्नल नाही. मग ही विमानं एकमेकांवर आदळत कशी नाहीत?" प्रश्न मोलाचा आहे, म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

पहिली गोष्ट, वरही रस्ते आहेत. फक्त ते दिसत नाहीत. आभाळाचे मजले पाडलेले असतात. एका वाटेवर एक विमान येत असेल आणि दुसरं जात असेल, तर त्यांच्यात वर-खाली साधारण एक हजार फुटांचं अंतर ठेवतात. आपल्याकडच्या तीस मजली इमारती एकावर एक अशा तीन-साडेतीन रचल्या तर जेवढी उंची होईल, तेवढं. कोणत्या विमानानं कोणत्या मजल्यावर राहायचं, कधी खाली उतरायचं, हे जमिनीवर बसलेली माणसं सांगतात. त्यांना हवाई वाहतूक नियंत्रक म्हणतात. त्यांच्यासमोर रडारचा पडदा असतो आणि कानाला हेडफोन. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर हे काम हवाई दल करतं, कारण तो मुळात हवाई दलाचा तळ आहे. एकाच धावपट्टीवरून लढाऊ विमानंही उडतात आणि आपली प्रवासी विमानंही.

आता हे मजले चुकले तर काय होतं, ते आपल्या देशानं पाहिलेलं आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियाचं मोठं विमान निघालं होतं. त्यातले बरेचसे लोक आपल्या देशातले, तिकडे कामाला निघालेले. समोरून कझाकस्तानचं विमान दिल्लीला उतरायला येत होतं. जाणाऱ्या विमानाला चौदा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, येणाऱ्याला पंधरा हजारांवर. समोरून विमान येतंय, हेसुद्धा कझाकस्तानच्या विमानाला सांगितलं होतं. तरी ते पंधरा हजारांवर न थांबता खाली आलं. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं होती, एकही वाचलं नाही. अवशेष शेतांमध्ये पडले. आजूबाजूच्या गावातली माणसं अंधारात हातात मिळेल तो उजेड घेऊन धावली. हवेत दोन विमानं धडकून इतकी माणसं जाण्याची ही जगातली सगळ्यात मोठी घटना आहे.

चौकशीसाठी न्यायमूर्ती लाहोटी यांचा आयोग नेमला होता. नेमून दिलेली उंची कझाकस्तानच्या वैमानिकांनी सोडली, हे मुख्य कारण ठरलं. पण ते असं का वागले, हे बघितलं तर आपल्या ओळखीच्या गोष्टी निघतात. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलत होता तो विमानातला रेडिओवाला, आणि विमान चालवत होते दुसरेच. निरोप एकानं ऐकायचा आणि काम दुसऱ्यानं करायचं. त्यांचं यंत्र उंची मीटरमध्ये मोजणारं, आणि सूचना यायच्या फुटांमध्ये. घरात दूध मापानं घेणारी एक आणि किलोनं हिशेब लिहिणारी दुसरी असली, तर महिनाअखेरी काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

दुसऱ्या बाजूलाही उणीव होतीच. तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमान कुठे आहे एवढंच दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसत नव्हतं. म्हणजे विमान खाली सरकतंय हे नियंत्रकाला कळायला मार्गच नव्हता. शिवाय येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांसाठी वाट एकच होती. या अपघातानंतर वाटा वेगळ्या केल्या, उंची दाखवणारं रडार बसवलं, आणि विमानात एक यंत्र सक्तीचं केलं. दोन विमानं फार जवळ आली की ही यंत्रं एकमेकांशी बोलतात आणि एका वैमानिकाला 'वर जा', दुसऱ्याला 'खाली जा' असं सांगतात.

मग यंत्र आल्यावर चिंता मिटली का? नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगन गावावर दोन विमानं धडकली. त्यात ७१ जण गेले, बहुतेक रशियातली शाळकरी मुलं होती. दोन्ही विमानांत ते यंत्र होतं आणि ते बरोबर चालतही होतं. यंत्रानं मुलांच्या विमानाला 'वर जा' सांगितलं. त्याच वेळी जमिनीवरच्या नियंत्रकानं सांगितलं, 'खाली या'. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. दुसरं विमान यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. त्या रात्री तो नियंत्रक एकटा दोन जागांचं काम बघत होता. सोबतचा माणूस विश्रांतीला गेला होता, मुख्य रडारची दुरुस्ती चालू होती, टेलिफोनही नीट चालत नव्हता. यातली एखादी गोष्ट जरी ठीक असती, तरी कदाचित ती मुलं घरी पोचली असती. त्यानंतर जगभर नियम पक्का झाला, की अशा वेळी वैमानिकानं यंत्राचं ऐकायचं.

मैत्रिणींनो, थकव्याचं वेगळं सांगायला नको. इथल्या कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये पहाटेची पाळी करून आलेल्या, दुपारी शेतात गेलेल्या आणि रात्री स्वयंपाक करणाऱ्या बायका हा कार्यक्रम ऐकताहेत. थकलेल्या डोळ्यांना समोरचं दिसतं, पण डोक्यात उतरत नाही. नियंत्रकाचंही तसंच असतं. २०२५ मध्ये आपल्या संसदेच्या स्थायी समितीनंही नियंत्रकांची अपुरी संख्या आणि त्यांच्यावरचा ताण यावर बोट ठेवलं आहे. विमानतळ किती चकचकीत झाला हे आपण बघतो. वरच्या खोलीत पडद्यासमोर बसलेल्या माणसाची झोप झाली आहे का, हे कोणी विचारत नाही. प्रवाशांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी तो प्रश्न विचारायला हवा.

दुसरा धोका निरोप न पोचण्याचा. जानेवारी २०२२ मध्ये बंगळूरला शेजारशेजारच्या दोन धावपट्ट्यांवरून दोन विमानं एकाच वेळी उडाली आणि एकमेकांच्या दिशेनं वळली. एक धावपट्टी फक्त उड्डाणासाठी आणि दुसरी उतरण्यासाठी चालली होती. मग दुसरी बंद करायचं ठरलं, पण तो निरोप तिथल्या नियंत्रकापर्यंत गेलाच नाही. रडारसमोरच्या एका नियंत्रकानं ते वेळेत बघितलं, दोघांना वेगळ्या दिशांना वळवलं, म्हणून शेकडो माणसं वाचली. आपल्या पुण्यातही १५ फेब्रुवारी २०२० ला दिल्लीला निघालेलं विमान धावपट्टीवर वेगात असताना वैमानिकाला समोर जीप आणि माणूस दिसला. त्यानं विमान थोडं आधीच उचललं. विमानाचं शेपूट जमिनीला घासलं, पण सगळे सुखरूप दिल्लीला उतरले.

लढाऊ विमानांचीही अशीच गोष्ट आहे. २८ जानेवारी २०२३ ला ग्वाल्हेरहून सरावाला निघालेली दोन विमानं मुरैनाजवळ धडकली. एका विमानातले दोघे बाहेर पडून वाचले. दुसऱ्यातला वैमानिक गेला. तो आपल्या बेळगावचा होता.

आता आपल्या दारातलं. २४ ऑगस्ट २०२४ ला मुळशी तालुक्यात पौडजवळ, पावसाच्या दिवशी हेलिकॉप्टर कोसळलं. त्यातले चौघे वाचले. पुढे सव्वा महिन्यानं, २ ऑक्टोबरला सकाळी बावधनला धुक्यात दुसरं कोसळलं, आणि त्यातले तिघेही गेले. ह्या दोन्हींत धडक नव्हती. पण आपल्याकडची हेलिकॉप्टरं बऱ्याचदा डोळ्यांनी डोंगर बघत, कमी उंचीवरून जातात. धुकं आणि पाऊस आपल्या खोऱ्यात कधी उतरतो, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? गावात एखाद्या कार्यक्रमासाठी हेलिपॅड आखलं, तर मांडवाच्या सजावटीसोबत एवढंही विचारा, की परवानगी कोणी दिली, हवामान कोण बघणार, आणि ढग उतरले तर 'आज नको' असं म्हणायची मोकळीक वैमानिकाला आहे का. पाहुणा उशिरा आला तरी चालेल.

शेवटचा मुद्दा थेट आपल्या गटांचा. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या पंधरा हजार महिला गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचं ठरलं. म्हणजे आता आभाळात आपल्याही बायका आहेत. ज्या ताई हे शिकल्या किंवा शिकणार आहेत, त्यांनी चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

एक, उडवण्याआधी सरकारच्या ड्रोन नकाशावर आपलं शेत बघायचं. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरच्या आत मात्र बंधनं जास्त आहेत, आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. नकाशा बदलतो, म्हणून दर वेळी बघायचा.

दोन, माणसं असलेल्या विमानाला किंवा हेलिकॉप्टरला नेहमी वाट द्यायची. आवाज कानावर आला की फवारणी थांबवून ड्रोन खाली घ्यायचा. अर्धा एकर राहिला तर उद्या होईल.

तीन, ड्रोन उडवणारी आणि बांधावर उभी राहून आभाळ बघणारी, अशा दोघी असाव्यात. बांधावरची काही बोलली, तर उडवणारीनं ते मोठ्यानं परत म्हणून दाखवायचं. "थांबव" म्हटलं की "थांबवते". विमानात वैमानिकाला हेच शिकवतात. नियंत्रकानं सांगितलेली उंची तो शब्दाला शब्द परत म्हणतो, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असली तर तिथंच कळते.

चार, दमलेल्या बाईनं उडवायचं नाही. तिला तसं म्हणायला लाज वाटू नये, आणि गटानंही तिला बोल लावू नये.

आणि कधी आपल्या शिवारात काही कोसळलंच, देव करो आणि तसं न होवो, तर आधी ११२ ला फोन करा. इंधन सांडलेलं असतं, म्हणून विडी-काडी लांब ठेवा, पोरांना मागे ठेवा. जखमींना मदत करा, पण अवशेष उचलू नका आणि मोबाईलवर चित्रीकरण करत गर्दी करू नका. एखाद्या लहान तुकड्यावरूनच पुढचा अपघात टाळण्याचं कारण सापडतं.

पुढच्या बैठकीत ड्रोन शिकलेल्या ताईला पुढे बोलवा आणि तिच्याकडून नकाशा मोबाईलवर कसा उघडायचा ते सगळ्या जणी शिकून घ्या. आपल्या गावाचं शिवार कोणत्या रंगात येतं, ते वहीत नोंदवा. ज्या गावात ड्रोन अजून आला नाही, त्यांनीही नोंदवा, कारण तो येणार आहे.