हजेरीपटावर आहे, व्याख्येत नाही

(नांदेड येथे प्राध्यापिका आणि कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘विद्यापीठ आणि विचारस्वातंत्र्य’. विषय मोठा, आणि त्यावर बोलणारी मोठी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी समाजकार्याचं शिक्षण घेऊन समुपदेशन केंद्रात बसणारी कार्यकर्ती. आमच्याकडे बायका येतात त्या मारहाणीची, पोटगीची, मुलाच्या ताब्याची तक्रार घेऊन. पण गेल्या काही वर्षांत एम.ए., नेट, पीएच.डी. झालेल्या बायकाही त्या बाकावर येऊन बसू लागल्या आहेत. त्यांची तक्रार नवऱ्याबद्दल नसते, कॉलेजबद्दल असते. म्हणून मी स्वातंत्र्याची गोष्ट सांगणार आहे ती घटनेपासून नाही, नेमणुकीच्या कागदापासून.

आपल्या विद्यापीठाला ‘नवं विद्यापीठ’ म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला ते सुरू झालं, म्हणजे तिशी उलटली. औरंगाबादच्या विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा, आणि आठ महिन्यांनी हे. त्याआधीची सोळा वर्षं आपण कशी काढली हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. १९७८ साली याच जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा खून झाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये याच शहरात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. विद्यापीठ कोणाचं, हा प्रश्न मराठवाड्यात चर्चासत्रात विचारला गेला नाही. तो गावकुसाबाहेर विचारला गेला आणि त्याची किंमत दलित वस्त्यांनी मोजली.

विद्यापीठाला नाव मिळालं ते स्वामी रामानंद तीर्थ यांचं. स्वामीजी मुळात शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढं अंबाजोगाईला त्यांनी शिकवलं, आणि मग ते राजकारणात आले. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. ‘गश्ती निशान ५३’ हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होता. आज तशी गश्ती कोणी काढत नाही. गरजच उरलेली नाही. दर वर्षी उन्हाळ्यात संपणारी नेमणूक तेच काम जास्त शांतपणे करते.

कसं, ते सांगते. एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांचं नाव नाही सांगत, कॉलेजचंही नाही, गाव तर नाहीच. समाजशास्त्र शिकवायच्या, तासिका तत्त्वावर, सलग सहा वर्षं. मुलींना घेऊन त्यांनी जवळच्या गावात पाहणी केली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमधल्या मुलींची शाळा कोणत्या इयत्तेत सुटते आणि लग्न कितव्या वर्षी होतं, एवढेच प्रश्न होते. मुलींनी वह्या भरून आणल्या. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, आणि गावपातळीवर त्याची अंमलबजावणी ग्रामसेवकानं करायची आहे. त्यामुळं त्या वह्यांमध्ये कोणाकोणाची अडचण होती ते तुम्हीच ओळखा. लग्नाला अक्षता टाकायला गेलेली माणसं त्यात होती. त्यातले काही संस्थेच्या चालकांच्या बसण्याउठण्यातले. बाईंना कोणी रागावलं नाही. मेमो नाही, चौकशी नाही. जूनमध्ये त्या नेहमीप्रमाणे अर्ज घेऊन गेल्या, तेव्हा ‘यंदा वर्कलोड कमी आहे, बघू, कळवू’ एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या तासांवर दुसऱ्या बाई उभ्या होत्या.

बाईंनी मला विचारलं, अपील कुठं करायचं? अपिलाची सोय आहे. पूर्वीच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात होती, आताच्या २०१६ च्या कायद्यातही विद्यापीठ न्यायाधिकरण आहे. बडतर्फीचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत तिथं जाता येतं. पण आदेश कुठाय? त्यांना काढलेलंच नाही. त्यांना फक्त बोलावलं नाही. बायकांना ही रीत चांगली ओळखीची आहे. घरातून हाकलून दिलं असं कोणी म्हणत नाही. माहेरी गेली होती, न्यायला कोणी आलं नाही, एवढंच.

याहून मोठी गंमत पुढं आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात ‘शिक्षक’ या शब्दाची व्याख्या आहे. त्यात पूर्णवेळ, मान्यताप्राप्त असं लिहिलेलं आहे. म्हणजे तासिकेवरच्या बाई वर्ग घेणार, पर्यवेक्षण करणार, नॅक समिती आली की रांगोळीपासून फायलींपर्यंत सगळं करणार, पण कायद्याच्या भाषेत त्या शिक्षक नाहीत. अधिसभेच्या शिक्षक मतदारसंघात त्यांना मत नाही. घर चालवायचं हिनं, आणि रेशनकार्डावर हिचं नावच नाही, तसं हे.

मी स्वतः दोन वर्षं असं शिकवलं आहे. कुठं, ते सोडा. मानधन वर्षाअखेरीस एकदम मिळायचं. तोवर बसभाडं नवऱ्याकडून मागायचं, आणि वर्गात जाऊन मुलींना आर्थिक स्वावलंबन शिकवायचं.

पैशाचं बोलू, कारण त्याची आपल्याला उगाच लाज वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ च्या नियमावलीत म्हटलं होतं की कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावेत आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी देऊ नये. अतिथी अध्यापकासाठी आयोगानं २०१९ साली तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार, असा आकडा सांगितला. इथं बसलेल्या किती जणींना १५०० रुपये मिळाले? हात वर करा. (कोणीही हात वर केला नाही.) गुजरातमधल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतले कंत्राटी अध्यापक महिना ३० हजारांवर राबत होते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं त्यांना वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्यायला सांगितलं. आणि समारंभात ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणून भागत नाही, असंही सुनावलं. आपल्याकडे शिक्षकदिनाला नारळ आणि शाल मिळते.

आता हे सगळं पुरुषांनाही लागू आहे, मग बायकांचं वेगळं काय, असं मला लातूरच्या एका बैठकीत विचारलं गेलं. प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर असं. पूर्णवेळ जागा निघते तेव्हा तिच्याभोवती काय काय बोललं जातं ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. असा पैसा उभा करायची वेळ आली तर मुलासाठी शेत विकतात. मुलीसाठी आधीच हुंड्यात विकलेलं असतं, आणि सुनेसाठी कोण विकणार? मग तिला सांगतात की तासिका बरी, घरचं बघून होते. संस्थेत म्हणतात, तुमच्या मिस्टरांना नोकरी आहे ना, मग काय. लातूर तर शिक्षणाचं गाव, ‘लातूर पॅटर्न’ देशभर गाजला. तिथं एम.एस्सी. झालेल्या मुली सकाळी कॉलेजात आणि दुपारी खाजगी क्लासमध्ये तासावर शिकवतात, आणि दोन्हीकडं कायम कुठंच नसतात. पॅटर्नच्या जाहिरातीत फोटो असतो पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचा.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवत, पुढं तिथंच प्राचार्य झाले. मनुस्मृतीवर ते बोलले, लिहिलं, लोक चिडलेही. कुरुंदकर धीट होते, यात वाद नाही. पण मी आमच्या मुलींना विचारते, कुरुंदकर तासिकेवर असते तर? १९९७ साली युनेस्कोनं उच्च शिक्षणातल्या अध्यापकांविषयी जी शिफारस मंजूर केली, तिच्यातही अध्यापनाचं स्वातंत्र्य आणि नोकरीची शाश्वती यांची अशीच गाठ बांधलेली आहे. ज्या बाईला जूनची धास्ती आहे ती जात, धर्म, लग्न, हुंडा हे धडे भरभर उरकते. तिला भित्री म्हणू नका.

एक कायदा आपल्याला मोजत नाही, पण दुसरा मोजतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बघा. त्यात ‘कर्मचारी’ म्हणजे कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, बिनपगारी काम करणारीसुद्धा. तक्रार तीन महिन्यांत करायची, कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. ‘तुम्ही आमच्या स्टाफवर नाही’ असं समितीला म्हणता येणार नाही. बाळंतपणाच्या रजेचं तसंच. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावर रोजंदारीनं रस्त्यांची कामं करणाऱ्या बायकांना २००० साली सर्वोच्च न्यायालयानं ही रजा मिळवून दिली. २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टर बाईच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की मुदत संपली तरी हा लाभ संपत नाही. आपल्या कॉलेजला तो निकाल लावून घ्यायचा तर भांडावं लागेल. पण भांडायला जागा आहे, आणि ती रोजंदारीवर राबणाऱ्या बायकांनी करून दिली आहे, प्राध्यापकांनी नाही.

कामाचं सांगते. दर वर्षीचं नेमणूकपत्र, वेळापत्रक, परीक्षेच्या कामाची पत्रं आणि बँकेच्या पासबुकाची पानं यांची झेरॉक्स माहेरी ठेवा, कॉलेजच्या कपाटात नको. रजेचा अर्ज लेखी द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. बोलावलं नाही तर ‘का नाही’ हे लेखी विचारा. उत्तर आलं तर तो कागद, नाही आलं तर तुमच्या पत्राची पोच हाच कागद.

मागच्या टेबलावर माहितीच्या अधिकारातल्या अर्जाचे नमुने ठेवले आहेत. अनुदानित महाविद्यालयाला विचारायचं आहे की मंजूर पदं किती, रिकामी किती, तासिकेवर किती जण, त्यात बायका किती, आणि अंतर्गत तक्रार समितीची शेवटची बैठक कधी झाली. दहा रुपयांचं तिकीट लावायचं, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ज्यांना स्वतःच्या नावानं अर्ज टाकायची भीती वाटते त्यांनी कॉलेजचं नाव चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्या. मी माझ्या नावानं टाकते. मी आता कुठल्याच हजेरीपटावर नाही.