रक्कम खात्यावर, जबाबदारी कोणावर?

(यावल येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



डिसेंबर १९३६ मध्ये याच यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. नेहरूंच्या अध्यक्षतेखाली तेथे शेतकऱ्यांचा कार्यक्रम संमत झाला. त्याच्या तयारीसाठी साने गुरुजींनी खानदेशात अविश्रांत श्रम केले. स्वराज्य खेड्यातील शेवटच्या झोपडीपर्यंत पोचले पाहिजे, हा त्या अधिवेशनाचा अर्थ होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर ते कितपत पोचले, हा आजचा प्रश्न आहे.

पाड्यावरचा पावरा मुलगा आश्रमशाळेच्या आधाराने बारावी होतो. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीची वाट जवळ आली. परंतु अंतर केवळ मैलांत मोजता येत नाही. घरची बोली पावरी, शाळेची भाषा मराठी, विज्ञानाच्या वर्गाची इंग्रजी. त्यात जात पडताळणीचे हेलपाटे आणि वसतिगृहाच्या मोजक्या जागा.

या अपुऱ्या जागांवर शासनाने २०१६ मध्ये उपाय काढला. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना ‘स्वयम्’ योजनेतून रोख रक्कम द्यायची. मुंबई-पुण्यासाठी ती वर्षाला ६०,००० रुपये ठरली. त्यात निवासाचा वाटा २०,००० रुपयांचा, म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७ रुपये. एवढ्या भाड्यात पुण्यात खोली कोठे मिळते? शिवाय घरमालक आडनाव विचारतो, त्याचे उत्तर कोणत्याही खात्यात जमा होत नाही.

२०१८ मध्ये शहरांतील वसतिगृहांच्या भोजनालाही हाच न्याय लावण्यात आला. त्या जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले. त्यांना रोख रक्कम नको होती, ताटात जेवण हवे होते. पैसा खात्यावर टाकला की राज्यसंस्था जबाबदारीतून मोकळी होते, हा त्या धोरणाचा गाभा त्यांनी अचूक ओळखला.

आणि सर्व आर्थिक अडथळे ओलांडल्यावर काय होते? जळगावच्या तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीवन संपविले. जातीय छळाच्या आरोपावरून तीन वरिष्ठ डॉक्टरांवर खटला भरण्यात आला. त्याचा निर्णय न्यायालय देईल. परंतु उच्च शिक्षणसंस्थांत समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी असावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी २०१२ मध्येच सांगितले होते. त्यांच्या अंमलबजावणीसाठी पायल यांच्या मातेला, रोहित वेमुला यांच्या मातेसह, सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. नियम कागदावर असणे आणि रडणाऱ्या मुलीचे ऐकणारा माणूस समोर असणे, यातले अंतर किती जीवघेणे असते!

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. गरजेइतकी वसतिगृहे व तेथे भोजन. पहिल्या वर्षी भाषेचे जादा वर्ग. आणि प्रत्येक महाविद्यालयात तक्रार ऐकणारा, नावानिशी जबाबदार अधिकारी. ही दया नव्हे. दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्याचे मार्गदर्शक तत्त्व घटनेच्या ४६ व्या अनुच्छेदात आहे.

मोर्चाइतकेच दैनंदिन कामही मोलाचे आहे. प्रवेशाच्या दिवसांत कार्यकर्त्याने यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मुलांबरोबर रांगेत उभे राहावे, अर्ज भरून द्यावेत, आणि मुलगी शहरात गेल्यावर दिवाळीपर्यंत तिची विचारपूस थांबवू नये. फैजपूरचा वारसा सांगण्याचा अधिकार त्या रांगेतच मिळेल.