पेसमेकर आणि माझी वही

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. सातवी शिकलेला गिरणी कामगार आहे. पुढचे जे काही शिकलो ते पाळ्या करून, वाचनालयात बसून. कमिटीची पोरे म्हणाली, "दादा, तुमच्या छातीत मशीन बसवलीय, त्यावर चार शब्द बोला." म्हटलं, बोलतो, पण नुसते मशीनचे गुणगान करणार नाही. त्या मशीनचा मला त्रास झाला आणि तो मी सात महिने लपवला, ते सांगतो. आपल्या वस्तीत असे लपवणारे आणखीही असतील.

2022 साली रात्रपाळीला, रिंगफ्रेमसमोर तुटलेला धागा जोडता जोडता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली पडलो. दवाखान्यात नाडी मोजली तर मिनिटाला 34. डॉक्टर म्हणाले, हार्ट ब्लॉक. घरच्यांना वाटले रक्तवाहिनी तुंबली. पण बंधूंनो, ते वेगळे आणि हे वेगळे. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून विजेचा सूक्ष्म संदेश निघतो, तो खालच्या कप्प्यांत पोचला की ठोका पडतो. निरोगी माणसाचे बसल्या जागी साधारण 60 ते 100 ठोके पडतात. माझा संदेश वरून निघत होता, पण खाली पोचत नव्हता. म्हणून गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी डबी बसवली आणि तिच्या दोन तारा शिरेतून हृदयात सोडल्या. हाच पेसमेकर.

असे यंत्र माणसाच्या शरीरात पहिल्यांदा बसवले ते 8 ऑक्टोबर 1958 रोजी, स्वीडन देशात. शल्यविशारद ओके सेनिंग, यंत्र बनवणारे इंजिनियर रूने एल्मक्विस्ट आणि रुग्ण आर्ने लार्सन. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. तरी लार्सन पुढे वीसहून जास्त यंत्रे बदलत 2001 पर्यंत, वयाच्या 86 वर्षांपर्यंत जगले. त्या काळी यंत्राचा वेग एकदा ठरला की ठरला. आज तसे नाही. आज तो बाहेरून, न कापता, न टोचता बदलता येतो. ही एक गोष्ट मला पहिल्या दिवशी कळली असती तर माझे सात महिने वाचले असते.

त्रास काय होता? रात्री डाव्या कुशीवर वळलो की बरगडीखाली काहीतरी टुकटुक उडायचे, उचकी लागल्यासारखे. खड्ड्यांच्या रस्त्याने एसटीत बसलो की बसल्या जागी धडधड सुरू. आणि बहिणीच्या घरचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर एकाएकी दम जायचा, जणू कोणी मागून ओढतंय. झोप उडाली. संध्याकाळचे विहारात येणेही बंद केले. एकदा तर मनात आले, हे काढूनच टाकावे.

पहिल्या तपासणीला गेलो. रांग मोठी, वेळ दोन मिनिटांचा. मी हळूच म्हटले, "साहेब, थोडं उडतं." उत्तर आले, "मशीन एकदम ओके आहे. सवय होईल." मी हात जोडले आणि बाहेर आलो. ते खोटे बोलले नव्हते. बॅटरी ठीक होती, तारा ठीक होत्या. पण मशीन ठीक आहे का, आणि माणूस ठीक आहे का, हे दोन प्रश्न आहेत. दुसरा कोणी विचारला नाही आणि मीही सांगितला नाही.

का नाही सांगितला? एक तर भीती. गिरणीत कळले तर म्हणतील, हा आता कामाचा नाही. दुसरी लाज. मनात यायचे, एवढे महागाचे मशीन फुकट मिळाले, वर तक्रार कशाला? शेवटी आमच्या मंडळींनी मला धारेवर धरले. म्हणाली, "गेटवर मॅनेजरला जाब विचारताना तुमचा आवाज कोपऱ्यापर्यंत जातो. डॉक्टरपुढेच तोंडाला कुलूप का? आणि फुकट कसले? दर महिन्याला पगारातून कापतात ना?" खरे होते. राज्य कामगार विम्यासाठी पाऊण टक्का माझ्या पगारातून जातो, सव्वातीन टक्के मालक भरतो. मी दुसऱ्यांना हक्क शिकवत फिरलो आणि स्वतः मात्र उपकार घेतल्यासारखा मान खाली घालून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी पोराची जुनी वही घेतली आणि लिहू लागलो. "मंगळवार, रात्री अकरा, डावी कूस, बरगडीखाली उडते, उजवीकडे वळलो की थांबते." "गुरुवार, एसटी, खराब रस्ता, नाडी 96. गाडी थांबल्यावर थोड्या वेळाने कमी." "रविवार, जिना, पंचविसाव्या पायरीनंतर एकदम दम." असे तीन आठवडे लिहिले.

पुढच्या वेळी वही टेबलावर ठेवली आणि म्हटले, "साहेब, एवढे वाचा, मग काय ते सांगा." त्यांनी वाचली. मग तपासणाऱ्या मुलाने डबीच्या जागी एक चकतीसारखे साधन ठेवले आणि पडद्यावर सगळे दाखवले. नव्या तारा स्थिर होईपर्यंत विजेचा जोर मुद्दाम जास्त ठेवतात. माझा 3.5 व्होल्ट होता. त्याने मोजून पाहिले, ठोका 0.75 व्होल्टलाही पडत होता. जास्तीचा जोर छाती-पोटामधल्या पडद्याच्या स्नायूला लागून ते उडत होते. त्याने जोर 2 व्होल्टवर आणला, म्हणजे दुपटीहून जास्त राखीव ठेवूनच. मला डाव्या कुशीवर झोपवून खोकायला लावले. उडणे बंद! वर बॅटरीही वाचली.

एसटीचे कारण असे की, माणूस चालू लागला की वेग वाढवावा म्हणून डबीत हालचाल ओळखणारा भाग असतो. खड्ड्यांचे हिसके त्याला चालणेच वाटत होते. त्याची संवेदना कमी केली. आणि जिन्याचे कारण, वेगाची वरची मर्यादा 120 होती. चढताना माझे वरचे केंद्र त्याच्या पुढे जाई, तेव्हा यंत्र काही ठोके गाळत असे. मर्यादा 140 केली आणि मला दवाखान्याचाच जिना चढायला लावला. चढलो, बोलत बोलत चढलो.

हे सगळे अर्ध्या तासात. मी तिथेच डोक्याला हात लावला. अहो, 20 नंबरच्या सुताची सेटिंग 40 नंबरला ठेवली तर धागे तुटतच राहणार, हे मी तीस वर्षे हाताने करून पाहिलेले. तिथे आपण सुताला दोष देत नाही, सेटिंग बघतो. स्वतःच्या छातीबाबत मात्र मी सुतालाच दोष देत बसलो.

सगळे मिटले असे खोटे सांगणार नाही. थंडीत टाक्याची जागा ओढते, कधीमधी एखादे टुक होते. पण आता ते कशाचे हे कळते, म्हणून भीती वाटत नाही.

म्हणून घरी जाऊन एवढे करा. ज्याच्या छातीत डबी आहे त्याला विचारा, झोप लागते का, जिना चढवतो का. काही होत असेल तर वार, वेळ, कूस, काम, नाडी लिहून ठेवा आणि पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. चक्कर येऊन पडणे, उचकी न थांबणे, टाक्याला लाली, सूज, पू किंवा ताप असेल तर वही बाजूला ठेवा आणि त्याच घडीला दवाखाना गाठा. पेसमेकरचे कार्ड खिशात ठेवा. मोबाईल डबीपासून सहा इंच लांब, दुसऱ्या कानाला. लोहचुंबक जवळ नेऊ नका. वेल्डिंगचे काम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि डबी कधी चिमटीत धरून हलवत बसू नका.

माझी वही मी आज कमिटीकडे ठेवतो आहे. कशी लिहायची हे कोणाला बघायचे असेल तर बघा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वही आपल्या अभ्यासिकेतल्या मुलामुलींनी लिहून द्यावी, अशी माझी विनंती आहे.

एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय! जयभीम!