'डिस्ट्रेस' कोण करतो?

इंग्रजीतल्या 'डिस्ट्रेस्ड' या शब्दाचे आज बरेच अर्थ चालतात. मनाने गांजलेला माणूस डिस्ट्रेस्ड, फेड थकलेले कर्ज डिस्ट्रेस्ड आणि गुडघ्यावर मुद्दाम विरवलेली कोरी जीन्सही डिस्ट्रेस्ड. शब्द वाट फुटेल तिकडे भरकटला, असे यावर कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. इंग्रजी कायद्याच्या भाषेत 'डिस्ट्रेस' ही मनाची अवस्था नव्हतीच. ती एक कृती होती. भाडे थकले की घरमालकाने भाडेकरूचे सामान परस्पर जप्त करायचे, कोर्टाची पायरीही न चढता. इंग्लंडमध्ये हा हक्क 2014 च्या एप्रिलपर्यंत टिकला. आपल्याकडच्या 1882 च्या प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट्स ॲक्टमध्येही भाड्यापोटीच्या जप्तीला स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे डिस्ट्रेस आपोआप होत नसे, कोणीतरी तो करत असे. आजच्या वापरातून गळाला आहे तो हा 'कोणीतरी'.

जुन्या कायद्यावरून आजचा अर्थ ठरवू नये, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आजचीच जीन्स घेऊ. तिचा रंग उडवण्यासाठी कापडावर वाळूचा जोरदार झोत मारत. ती धूळ छातीत जाऊन तुर्कस्तानातल्या कित्येक तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला आणि 2009 साली त्या देशाने ही पद्धत बंद केली. दुकानातल्या चिठ्ठीवर मात्र कापडच काय ते डिस्ट्रेस्ड! दुसरा आक्षेप जहाजाचा. वादळात सापडलेल्या जहाजाला कोणी माणूस छळत नाही, तरी ते 'इन डिस्ट्रेस' असते. खरे आहे, पण तिथे संकटाचा कर्ता नसला तरी मदतीचा कर्ता पक्का ठरलेला आहे. हाक ऐकू आलेल्या आणि मदत करू शकणाऱ्या कप्तानाने तिकडे धावावे, असे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. जमिनीवर हे दोन्ही कर्ते गायब होतात. कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे, माल साठवायला जागा नाही, म्हणून शेतकरी सुगीतच सोयाबीन हमीभावाच्या खाली विकतो. त्याला इंग्रजी वर्तमानपत्रे 'डिस्ट्रेस सेल' म्हणतात. आपणही काही फार प्रामाणिक नाही. 'पडेल भावाने विकले' म्हणतो, जणू भाव आपला आपणच पडला. अशी बातमी यापुढे वाचाल तेव्हा भाव पाडला कोणी आणि त्या भावात माल उचलला कोणी, एवढे तिच्यात जरूर शोधा.